चोवीस की पंचवीस? : चित्रपटाच्या ध्वनीची पाठचिकित्सा

१

सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी एका जुन्या मराठी चित्रपटावर लेख लिहिला होता. चित्रपटाचे नाव इथे मुद्दामच देत नाही. चूक माझी होती, त्याची नव्हे. माझ्याजवळ होती ती दूरचित्रवाणीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलेली प्रत. चित्रपट दोन तासांचा, अशी नोंद त्याच्या जुन्या पुस्तिकेत होती. माझी प्रत भरली ११५ मिनिटे ३ सेकंद. जवळपास पाच मिनिटे गायब! दूरचित्रवाणीसाठी चित्रपटाला कात्री लावली, असे मी ठामपणे लिहून टाकले. कोणते प्रसंग कापले असावेत याचे तर्कही लढवले. त्याच लेखात नायिकेचा गाण्यातला आवाज ‘काहीसा टोकदार आणि घाईचा’ आहे, असाही अभिप्राय दिला.

ही दोन्ही विधाने चुकीची होती. कात्री कुणी लावली नव्हती, आणि आवाजात घाईही नव्हती. घाई प्रतीत होती.

संशय यायला जागा होती. घरच्या पेटीवर त्या गाण्याचा षड्ज शोधताना तो काळी चारच्या वर आणि पांढरी सहाच्या खाली, कुठल्याच पट्टीवर न बसता मध्येच लोंबकळत होता. पेटीच उतरली असेल म्हणून मी विषय सोडून दिला. संशोधनात असे सोडून दिलेले विषय पुढे व्याजासकट परत येतात.

२

दोनेक वर्षांपूर्वी त्याच चित्रपटाची दुसरी प्रत, थेट फिल्मवरून स्कॅन केलेली, एका संग्राहक मित्राकडून पाहायला मिळाली. तिची लांबी पुरे दोन तास. दोन प्रती शेजारी मांडून ताडून पाहाव्यात असे ठरवले. हस्तलिखिताच्या दोन पोथ्या मेजावर उघडून बसता येते. दोन ध्वनिपट्ट्यांसाठी साधन लागते. स्टुडिओत वापरली जाणारी प्रो टूल्ससारखी प्रणाली माझ्या खिशाबाहेरची. म्हणून जुन्या संगणकावर आर्डर ही मुक्त प्रणाली बसवली. पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेल्या या प्रणालीत ध्वनीच्या पट्ट्यांवर चित्राचीही एक पट्टी मांडता येते आणि चित्र वेगळ्या खिडकीत चालते. शिकवायला कुणी नव्हते. पहिले तीन आठवडे तर नुसती मांडामांड करण्यात गेले. पण मला जे कळले ते त्या मांडामांडीतच कळले.

नवे सेशन उघडताच प्रणाली दोन आकडे विचारते. पहिला सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदात ध्वनीचे किती नमुने मोजायचे तो आकडा. गाण्याच्या सीडीचा दर ४४,१००. चित्राबरोबरच्या ध्वनीचा रूढ दर ४८,०००. याला कारण आहे. ४८,००० ला २४ ने भागले की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला नेमके २,००० नमुने येतात आणि २५ ने भागले तर १,९२०. ४४,१०० ला २४ ने भागा, येतात १,८३७.५. अर्धा नमुना कुठे ठेवणार? आणि ४४,१०० ची फाईल चुकून ४८,००० ची समजून वाजवली, तर ती जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावते आणि सूर सुमारे दीड पट्टी चढतो. ही चूक इतकी ढोबळ असते की लगेच कळते. खरी फसवी चूक दुसऱ्या आकड्यात असते.

तो दुसरा आकडा म्हणजे फ्रेम रेट. २४ की २५? मी विचार न करता २५ निवडला, कारण आपल्याकडचा व्हिडिओ २५ चा. हा आकडा ध्वनीचा वेग बदलत नाही, तो फक्त मोजपट्टी ठरवतो. पण मोजपट्टीच चुकीची असेल तर चित्राची फ्रेम आणि ध्वनीचा क्षण यांची नोंद जुळत नाही. ती का जुळत नाही याचा शोध घेताना मी माझ्या जुन्या लेखापर्यंत येऊन पोचलो.

३

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. वेग कमीजास्त झाला तरी डोळा चालवून घेई. बोलपट आला आणि ही सवलत संपली, कारण वेग जरा हलला की सूर हलतो आणि कान ते सोसत नाही. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला. चित्रपटाचा वेग कानाने ठरवला आहे, असे म्हणायला हरकत नाही. दूरचित्रवाणीचा वेग मात्र ठरला विजेवरून. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेमची. या व्यवस्थेच्या देशांत २४ चा चित्रपट २५ वर आणण्याचा सोपा मार्ग एकच होता: तो तसाच थोडा वेगाने चालवायचा. वाढ फक्त ४.१७ टक्क्यांची. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो आणि सूर सुमारे ०.७ पट्टी चढतो. माझ्या पेटीवर षड्ज जिथे लोंबकळत होता, तीच ही जागा.

पण हिशेब जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. तो दोन पट्ट्या एकाखाली एक मांडल्यावर मिळाला. पहिला शब्द जुळवला आणि दोन्ही सोडल्या. पहिल्या मिनिटाअखेर कॅसेटची प्रत अडीच सेकंद पुढे होती. दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंद. विसाव्याला पन्नास. कात्री लागली असती तर एखाद्या जागी एकदम खड्डा पडला असता. इथे खड्डा नव्हता, सरळ एकसारखा उतार होता. उतार म्हणजे वेग.

मग कॅसेटच्या प्रतीला पंचवीस चतुर्विसांश पट ताणले. इथेही एक निवड करावी लागते. प्रणाली ध्वनी दोन प्रकारे ताणते: सूर तोच ठेवून फक्त वेळ वाढवणे, किंवा वेळेबरोबर सूरही उतरू देणे. पहिला प्रकार ऐकायला ‘शुद्ध’ वाटतो. पण या प्रतीत सूर चढलेला होता, तो तसाच राहिला असता. उलट काही हस्तांतरांत सूर आधीच दुरुस्त केलेला असतो आणि वेळ तेवढी कमी असते. तिथे दुसरा प्रकार घातक. म्हणजे लांबी आणि सूर ही दोन वेगळी साक्षी आहेत. दोघांची उलटतपासणी वेगवेगळी घ्यावी लागते. तिसरा साक्षीदार सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर असतो. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर धावते. तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेल्या लांबीवरून मूळ कालावधी काढता येतो. दोन तासांच्या चित्रपटाची लांबी सुमारे ३,२९२ मीटर भरली पाहिजे. ती पाटी माझ्या कॅसेटवरही होती. मी ती कैक वेळा पाहिली होती, वाचली कधीच नव्हती.

उतार काढून टाकल्यावर एक लहानसा खरा खड्डा दिसला. एका रीळाच्या शेवटी सुमारे नऊ सेकंद गळली होती. रीळांची टोके वापराने झिजतात, तुटतात, पुन्हा जोडली जातात. तसेच काही झाले असावे. पाच मिनिटांच्या काल्पनिक कात्रीमागे हे नऊ सेकंदांचे खरे नुकसान इतकी वर्षे दडून बसले होते.

४

याला मी पाठचिकित्सा म्हणतो. शब्द मोठा आहे, पण काम तेच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अर्थ सांगण्याआधी. आधी पाठ, मग निरूपण. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला जवळपास अर्धे शतक घेतले, १९६६ साली ती पूर्ण झाली. साहित्याच्या बाबतीत ही शिस्त आपल्याला परकी नाही. कवितेचा पाठभेद दाखवला नाही तर आपण समीक्षकाला फैलावर घेतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाताशी आलेली कुठलीही प्रत मूळ मानून आपण लिहितो. मी तेच केले होते.

‘संत तुकाराम’चे उदाहरण घ्या. १९३६ चा प्रभातचा हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. विष्णुपंत दामले प्रभातच्या ध्वनिविभागाचे प्रमुख होते, म्हणजे मराठीतला हा मानबिंदू एका ध्वनितज्ज्ञाच्या देखरेखीत घडला. विष्णुपंत पागनीसांच्या भक्तिभावाविषयी आपण भरभरून लिहितो. पण तो भाव ज्या स्वरातून आणि ज्या लयीतून येतो, तो स्वर आणि ती लय आपण कोणत्या प्रतीवर ऐकली? मिनिटाला साठ मात्रांचा ठेका वेगवान प्रतीत साडेबासष्टचा होतो. फरक अडीच मात्रांचा. ठेवणीतला कान तो पकडेल. सामान्य कान फक्त एवढेच म्हणेल की गाणे जरा उडते आहे. आणि समीक्षक त्या ‘उडते’पणाला पागनीसांची शैली म्हणून मोकळा होईल. सगळ्या प्रती अशाच असतात असे माझे म्हणणे नाही. प्रत तपासल्याशिवाय लयीवर बोलू नये, एवढेच म्हणणे आहे.

५

वेग जुळला की दुसरा प्रश्न येतो तो ओठ आणि शब्द जुळण्याचा. इथेही आपण ज्यावर ऐकतो ते साधन आपली साक्ष बिघडवते. २५ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तेवढ्यात ध्वनी हवेतून सुमारे चौदा मीटर जातो. म्हणजे मोठ्या चित्रगृहात मागे बसलेल्या प्रेक्षकाला शब्द एक-दोन फ्रेम उशिरा पोचतोच, आणि त्याला ते खटकत नाही. वीज आधी आणि गडगडाट नंतर, हा अनुभव आपल्या हाडीमासी आहे. उलट ध्वनी आधी आला की लगेच बोचते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही ही विषमता दिसते: ध्वनी ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, मागे मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो.

म्हणून मिक्सिंगची मांडणी करताना बिनतारी हेडफोन बाजूला ठेवावा लागतो. ब्लूटूथमधून येणारा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. नव्या टीव्ही संचांत उलटेही घडते. चित्र सजवण्यात वेळ जातो आणि आवाज पुढे निघून जातो. अशा संचावर चित्रपट पाहून ‘डबिंग ढिसाळ आहे’ असा शेरा मारणे म्हणजे चष्म्यावरच्या डागाला चित्रातला डाग म्हणणे.

तिसरी गोष्ट पातळीची. चित्रगृहासाठी मिक्सिंग करताना स्टुडिओतला आवाज ठरावीक पातळीवर बांधून घेतात. रूढ संदर्भ प्रत्येक पडदा-वाहिनीला ८५ डेसिबलचा. त्यामुळे कुजबुज किती हळू आणि आरोळी किती मोठी याला अर्थ राहतो. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत ती पातळी असह्य होईल, म्हणून मी खालची पातळी धरली आणि आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मिक्सिंग असो वा समीक्षेसाठी पाहणे, बटण ठिपक्यावरच. हळू प्रसंगात आवाज वाढवायचा नाही, मोठ्या प्रसंगात कमी करायचा नाही. एवढ्या साध्या नियमाने माझे ऐकणे बदलले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधल्या (२०१४) लांबून घेतलेल्या, स्थिर चौकटींत आपण माणसांपासून अंतरावर बसवलेले असतो. पूर्वी तो मी मोबाइलवर पाहिला होता आणि ऐकू न येणारे शब्द आवाज वाढवून जवळ ओढले होते. दिग्दर्शकाने राखलेले अंतर मी अंगठ्याने पुसून टाकले होते.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी मी कापून ठेवली होती. नुकतीच त्या काळातली टिपणवही काढून पाहिली. ‘ख्वाडा’वर चार पाने आहेत: मेंढपाळांची भटकंती, गावगाड्यातली सत्ता, बोली, अभिनय. ध्वनीवर एक ओळ नाही. बोलीवर मी दीड पान लिहिले होते. पण ती बोली माळरानावर, बोलणाऱ्याच्या तोंडून त्याच क्षणी टिपली आहे, याचा त्या दीड पानाशी काही संबंध असू शकतो हे सुचलेच नाही. ज्या पुरस्काराचे कात्रण जपले, त्याचा अर्थ वाचलाच नव्हता.

६

प्रत्येक समीक्षकाने संगणकावर मिक्सिंग शिकावे, असा आग्रह मी धरणार नाही. स्वयंशिक्षित माणसाला आपण कष्टाने शिकलेले सगळ्यांनी शिकावे असे वाटते. तो दोष माझ्यातही आहे. पण चित्रपटावर लिहिताना तीन गोष्टी नोंदवणे कुणालाही जमेल: कोणती प्रत पाहिली, तिची लांबी किती आणि ती मूळ नोंदीशी जुळते का, आणि ती कशावर ऐकली. पुस्तकावर लिहिताना आवृत्ती आणि साल देतोच ना, तसेच. सूर किंवा लय यांवर विधान करायचे असेल तर एक चौथी नोंद: पेटीवर षड्ज कुठे पडतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर तो दोष लगेच पेटीवर ढकलू नये.

राहता राहिला माझा जुना लेख. त्यातले कात्रीविषयीचे विधान मी इथे मागे घेतो. रीळाच्या टोकाला सुमारे नऊ सेकंद गळली आहेत, एवढेच खरे. नायिकेच्या आवाजाविषयीचा अभिप्रायही मागे घेतो. दुरुस्त केलेल्या प्रतीवर तो आवाज काळी चारवर नीट बसतो; तो रुंद आहे, ठाय आहे, कुठेही धावत नाही. त्या अभिनेत्री आता हयात नाहीत. माझा लेख त्यांच्यापर्यंत पोचला होता की नाही, कुणास ठाऊक. पोचला असेल, तर आपण त्या गाण्यात कधी घाई केली, या विचारात त्या पडल्या असतील.