शॉचें ‘दि डॉक्टर्स डिलेमा’ : निवडणाराचा प्रश्न

जॉर्ज बर्नार्ड शॉ याच्या ‘दि डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकाचा पहिला प्रयोग १९०६ सालीं लंडनांत झाला. त्यांतील विनोदाची तारीफ आजवर पुष्कळांनीं केली आहे, आणि ती यथार्थच आहे. प्रत्येक दुखण्यावर एकच शस्त्रक्रिया सुचविणारा वॉल्पोल आणि अर्धवट समजलेल्या सिद्धांताच्या बळावर रोग्यास बेधडक टोंचणारा सर राल्फ हीं पात्रें पाहून ज्यास आपल्या ओळखीचा एखादा धन्वंतरी आठवणार नाहीं, असा वाचक विरळा. परंतु आम्हांस येथें विनोदाविषयीं लिहावयाचें नाहीं. या नाटकाच्या पोटांत जो नीतीचा प्रश्न आहे, तो शॉनें शेवटपर्यंत नेला काय, एवढेंच पाहावयाचें आहे.

कथानक थोडक्यांत असें. सर कोलेन्सो रिजन यास क्षयावर नवा उपाय सांपडला आहे. पण त्याच्याजवळ सोय दहाच रोग्यांची. पन्नासांतून दहा निवडून बाकीच्या चाळिसांना त्यानें विन्मुख लाविलें आहे. आतां ओढूनताणून आणखी एकास घेतां येईल, आणि उमेदवार मात्र दोन. एक ड्युबेडॅट, अव्वल दर्जाचा चित्रकार, पण उसने पैसे बुडविणारा आणि बायकांना फसविणारा. दुसरा ब्लेंकिन्सॉप, गोरगरिबांत दवाखाना चालविणारा सालस व कफल्लक डॉक्टर. रिजन ब्लेंकिन्सॉपला वाचवितो आणि ड्युबेडॅटला सर राल्फच्या हवालीं करितो. त्याचा परिणाम काय होणार हें त्यास पक्कें ठाऊक असतें, आणि तसाच तो होतो. पण रिजनचें मन ड्युबेडॅटच्या बायकोवर जडलेलें आहे!

शॉची खरी करामत येथें दिसते. सज्जन वाचवावा कीं कलावंत, या वादांत प्रेक्षक आपापला पक्ष घेऊन बसला असतां शॉ दिव्याचा झोत एकाएकीं न्यायाधीशाच्या तोंडावर टाकतो. रिजननें दिलेलीं कारणें खोटीं नसतात. त्यांच्या आड त्याचा स्वार्थ बसलेला असतो. दुसऱ्याच्या जिवाची किंमत ठरविणारा मनुष्य तराजूला आपला अंगठा लावल्यावांचून राहत नाहीं, हें मर्म इतक्या स्पष्टपणें दाखविणारें दुसरें नाटक आमच्या पाहण्यांत नाहीं.

तथापि आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं, रिजनला प्रेमांत पाडून शॉनें प्रेक्षकांची फार स्वस्तांत सुटका केली आहे. प्रेक्षक त्याच्या अभिलाषेस दोष देतो आणि निर्धास्त घरीं जातो. पण हा अभिलाष नसता, तर ती निवड न्यायाची झाली असती काय? चाळीस रोग्यांना परत धाडतांना रिजनचें कोणावर प्रेम नव्हतें. ते जगण्यास लायक आहेत कीं नाहींत, हें त्यानें आपल्या मनाशीं ठरविलें, इतकेंच. त्यांचा उल्लेख पहिल्या अंकांत दोन वाक्यांत उरकतो. त्यांना नांव नाहीं, रंगभूमीवर येऊन रडणारी बायको नाहीं. आमच्या मतें खरी शोकांतिका त्या चाळिसांची आहे.

दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. या नाटकाचें कथानक रिजनच्या उपायाविषयीं शंका घेत नाहीं. ज्या शॉनें १९११ सालच्या प्रस्तावनेंत डॉक्टरांच्या फीपासून देवीच्या लसीपर्यंत सगळ्यांवर अविश्वास दाखविला, त्यानेंच येथें उपाय गुणकारी म्हणून बिनतक्रार पत्करला. देवीच्या बाबतींत काळानें शॉला खोटें पाडलें; १९८० सालीं तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. रिजनचा मूळ नमुना सर आल्मरॉथ राइट. विषमज्वराच्या लसीबद्दल त्याचें नांव राहिलें आहे. पण ज्या उपचारपद्धतीवर हें नाटक उभें आहे, ती क्षयाच्या बाबतींत टिकली नाहीं. म्हणजे जी वस्तु पुरत नाहीं म्हणून हा सारा खल चालला, तिचा गुणच सिद्ध झालेला नव्हता!

शॉच्या हयातींतच या दोन्ही आक्षेपांना उत्तर मिळालें. स्ट्रेप्टोमायसीन हें नवें औषध इंग्लंडांत फार थोडें होतें. तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें तें कोणास द्यावें याचा निर्णय डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांवर सोंपविला. ५५ रोग्यांस औषध व अंथरुणावर विश्रांति, ५२ रोग्यांस केवळ विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्यांतील ४ दगावले, दुसऱ्यांतील १४. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां शॉ ९२ वर्षांचा होता. चिठ्ठीला कोणाच्या बायकोचा मोह नसतो. शिवाय औषधाचा गुणहि तिच्यामुळेंच कळला. पण त्या ५२ जणांना आपण अशा प्रयोगांत आहोंत हें सांगितलेलें नव्हतें. रिजनचा अंगठा तराजूवरून निघाला, तरी रोग्याला विचारण्याचें राहूनच गेलें.

याहून समाधानकारक उत्तर आपल्याच देशांतलें आहे. क्षयरोग्यांना इस्पितळांत खाटा पुरत नव्हत्या. मद्रासच्या क्षयचिकित्सा केंद्रानें १९५६ पासून घरीं औषध घेणारे व सॅनिटोरियमांत राहणारे यांची तुलना केली, आणि घरचा उपचार जवळजवळ तितकाच गुणकारी ठरला. खाट कोणास द्यावी, हा वादच पुष्कळसा मिटला.

हें सारें जुनें झालें असें वाचकांनीं समजूं नये. एप्रिल २०२१ मध्यें रेमडेसिविरच्या कुप्यांसाठीं पुण्यामुंबईंत काय धांवपळ झाली, तें सर्वांना आठवत असेल. इस्पितळांतील रोग्यांस तें देऊं नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्येंच दिला होता. पुढें तिनें आपलें मत कांहीं अंशीं बदललें. पण त्या महिन्यांत सल्ला वाचण्यास सवड होती कोणाला? आम्हीहि एका नातलगासाठीं चार ठिकाणीं शब्द टाकला आणि इंजेक्शनें मिळविलीं. तीं दुसऱ्या कोणाच्या वांट्याचीं असतील, हा विचार त्या रात्रीं आमच्या मनास शिवला नाहीं. ज्यास आपल्याकडे वशिला म्हणतात, तो रिजनच्या प्रेमाचाच सोज्वळ अवतार होय, हें आम्हांस हें नाटक पुन्हां वाचतांना कळलें.

म्हणून हें नाटक सदोष असूनहि घरोघरीं वाचलें जावें, असें आम्हांस वाटतें. वाचतांना ड्युबेडॅटबद्दल वाद घालावा, सर राल्फला पोटभर हंसावें. मात्र पहिल्या अंकांतल्या त्या दोन वाक्यांपाशीं क्षणभर थांबावें, आणि आपल्यासाठीं कोणी शब्द टाकला नसता तर आपण दहांत असतों कीं चाळिसांत, हें स्वतःस विचारावें.