बेशरमाचे अर्धे नाव

भंडाऱ्याच्या तलावकाठच्या वनस्पतींची एक शालेय प्रकल्पवही आमच्या पाहण्यात आली. मेहनत दिसते, चित्रेही नेटकी आहेत. पण ‘देशी झुडपे’ या सदरात बेशरम आहे, आणि पुढे नुसते ‘आयपोमिया कार्निया’. दोन्ही गोष्टी आम्हाला खटकल्या.

बेशरम मूळचे उष्ण अमेरिकेतले. त्याचे गुलाबी, कर्ण्यासारखे फूल पाहिले की ते रताळ्याच्या भावकीतले आहे हे कळते. या जातीच्या दोन उपजाती मानतात. ‘कार्निया’ ही आधाराने चढणारी वेल, पाने रुंद. आपल्या तलावांवरची ‘फिस्टुलोझा’ ताठ उभी, पाने लांबट, निमुळत्या टोकाची. पूर्वी ती स्वतंत्र जातच समजत. १९७७ मध्ये ऑस्टिन यांनी तिला उपजातीत बसवले. फिस्टुलोझा म्हणजे नळीसारखी पोकळ. दांडा मोडून पाहा! मोडलेला तुकडा पाण्यावर तरंगत जातो, चिखलात टेकला की त्याच्या पेरांना मुळे फुटतात. तलावाचा काठ बेशरमाने का भरतो, याचे पुष्कळसे उत्तर वहीने गाळलेल्या त्या एका शब्दात आहे.

‘जनावरे खात नाहीत’ असेही वहीत लिहिले आहे. चाऱ्याची टंचाई झाली की शेळ्या खातात, आणि खातच राहिल्या तर त्यातील स्वेन्सोनिन या विषाने त्यांचे पाय लटपटू लागतात. दांडा मोडलात तर हात धुवा.