सद्धा, श्रद्धा आणि परिपक्वता

धर्मश्रद्धा हे बुद्धीच्या बाल्यावस्थेचे लक्षण होय, हा विचार आता महानगरांतील विद्वज्जनांपुरता राहिलेला नाही. लातूर जिल्ह्याच्या नांदेडलगतच्या टोकाला असलेल्या जळकोटसारख्या तालुक्याच्या गावीही तो पोचला आहे. लातूर, नांदेड वा पुण्याला शिकून आलेला बौद्ध तरुण विहारात वंदनेस उभा राहण्यास संकोचतो. एक देव सोडून दुसरा धरला, यात प्रगती ती कोणती, असे तो विचारतो. वडीलधाऱ्यांना त्याचा हा प्रश्नच उद्धटपणाचा वाटतो. या दोन्ही पक्षांनी 'श्रद्धा' हा शब्द एकाच अर्थाने गृहीत धरला आहे आणि आमच्या मते वादाचे मूळ तेथेच आहे.

अपरिपक्वतेचा आरोप ज्याने सर्वांत नेटाने मांडला तो सिग्मंड फ्रॉइड. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात त्याने म्हटले ते थोडक्यात असे : असहाय बालकाला पित्याचा आधार हवा असतो; मोठेपणीही ती असहायता संपत नाही, म्हणून मनुष्य आकाशात पिता कल्पितो. मूर्तिपूजक वा एकेश्वरवादी भक्ताला हे बऱ्याच अंशी लागू पडेल. परंतु ज्या धम्मात तो पिताच नाही, त्याच्या अनुयायाविषयी या सिद्धांताला काय सांगावयाचे आहे?

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावे. १९५१ च्या जनगणनेत या प्रदेशात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरची दीक्षा घडली. या लोकांनी सांत्वनासाठी धम्म घेतला, असे म्हणणाऱ्याने त्यांनी काय गमावले तेही पाहावे. राज्याने पुढे सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान मिळाले ते १९९० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. शिवाय गावकीची कामे नाकारली म्हणून सोसावा लागलेला रोष वेगळाच. सांत्वनाच्या शोधात निघालेला मनुष्य असा व्यवहार करीत नाही. बाबासाहेबांचा येवल्याचा निर्धार १९३५ चा आणि दीक्षा १९५६ ची. एकवीस वर्षे धर्मांची तुलना करणाऱ्याच्या निर्णयास बालबुद्धीचा निर्णय म्हणणे हे आम्हांस वाचनाच्या आळसाचे लक्षण वाटते.

आता शब्दाकडे वळू. मराठीत आपण 'श्रद्धा' आणि 'अंधश्रद्धा' अशी दोन खाती मांडली आहेत. भुतावर विश्वास ठेवला तर तो दुसऱ्या खात्यात, देवावर ठेवला तर पहिल्या. म्हणजे येथे निकष लावला जातो तो विश्वासाच्या विषयाला. ही विभागणी इतकी गैरसोयीची ठरली की, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जो कायदा झाला, त्याच्या नावात 'अंधश्रद्धा' हा शब्दही राहिला नाही. कोणाची श्रद्धा आंधळी, हे कोणी ठरवावे याचे उत्तर मिळाले नाही, हे त्याचे उघड कारण.

पाली निकायांत हे उत्तर आहे. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात एकामागून एक हात धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टांत येतो. तेथे दोष दिला आहे तो पुढल्याने पाहिले की नाही हे मागल्याने कधीच न विचारण्याला. अशा श्रद्धेला 'अमूलिका', म्हणजे निर्मूळ, म्हटले आहे. त्याच सुत्तात एक सूक्ष्म गोष्ट आहे. ज्यावर सद्धा आहे ते खोटेही निघू शकते आणि ज्यावर नाही ते खरेही असू शकते. म्हणून 'ही माझी सद्धा आहे' एवढेच मनुष्याने म्हणावे, 'हेच सत्य, बाकी सारे व्यर्थ' असे म्हणू नये. यालाच तेथे सत्याचे रक्षण म्हटले आहे. निकष धारकाच्या वर्तनाला लावला आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

तथागतांनी हा निकष स्वतःलाही लावून घेतला. वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की, तथागताच्या आचरणात मलिनता दिसते काय, ते डोळ्यांनी पाहा आणि कानांनी ऐका. त्या परीक्षेनंतर जी उरते ती 'आकारवती सद्धा', सकारण श्रद्धा. निगंठांचा धनिक उपासक उपाली शरण येऊ लागला, तेव्हा त्यांनी त्यास आधी नीट विचार करावयास सांगितले. पूर्वीच्या गुरूंचे दानही बंद करू नये असे बजावले. चित्त गहपतीची कथा तर आजच्या तरुणांनी आवर्जून वाचावी. समण गोतमाच्या एका विधानावर तुझी सद्धा आहे काय, असे निगंठ नातपुत्तांनी विचारले असता, या बाबतीत मी सद्धेवर चालत नाही, मी हे स्वतः जाणतो, असे उत्तर या गृहस्थाने दिले.

मात्र याचा अर्थ सद्धा टाकून द्यावी असा नव्हे, आणि येथे आमचा तरुण मित्र चुकतो. विसुद्धिमग्गात बुद्धघोषांनी सद्धा आणि पञ्ञा या इंद्रियांची समता सांगितली आहे. सद्धा बळकट व पञ्ञा दुबळी, तर मनुष्य भलत्याच ठिकाणी प्रसन्न होतो; पञ्ञा बळकट व सद्धा दुबळी, तर तो लबाडीकडे झुकतो आणि औषधानेच जडलेल्या रोगाप्रमाणे असाध्य होतो. सभासंमेलनांतून असे असाध्य रुग्ण आम्ही पुष्कळ पाहिले आहेत! परिपक्वतेला पालीत 'परिपाक' हा जुना शब्द आहे. मेघिय सुत्तात अपक्व चित्ताच्या परिपाकासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत : कल्याणमित्र, शील, धम्मचर्चा, उद्योग आणि पञ्ञा. या यादीत सद्धेचे नाव नाही, पण एकट्या तर्काचेही नाही. पहिले नाव मित्राचे आहे.

या भेदाचे व्यावहारिक मोल आमच्या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. दैवी कोपाची भाषा तेव्हा ऐकू आली. ज्यांनी देव सोडला होता त्यांच्यातही 'पूर्वकर्म' हा शब्द आला, आणि आम्हांस तो अधिक चिंताजनक वाटतो. संयुत्त निकायात सीवक नामक परिव्राजकास तथागत सांगतात की, वेदनांची कारणे पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, अपथ्य, आघात आणि कर्म अशी अनेक आहेत. सर्व काही पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात. हे सुत्त ठाऊक असलेला उपासक ढिगाऱ्याखालील मातेला तिचे पाप विचारणार नाही, तर जाड भिंतींच्या बांधणीविषयी विचारील.

आपल्या विहारांविषयीही बोलले पाहिजे. पित्याला आकाशातून काढले, परंतु तो बाबासाहेबांच्या प्रतिमेत परत येतो आहे. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वक्कली भिक्खू तथागतांच्या दर्शनासाठी आसुसला होता. या देहात पाहण्यासारखे काय आहे, असे त्यास सांगण्यात आले आणि त्याची दृष्टी धम्माकडे वळविण्यात आली. आमच्याकडे वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही प्रथा मोलाची आहे; निरक्षर वृद्धाही तीन महिने नेमाने येऊन बसतात. परंतु चंकी सुत्तातील क्रम श्रवणापाशी थांबत नाही. धारण केलेल्याचा अर्थ तपासणे ही त्यातील पुढली पायरी आहे, आणि आमच्याकडे ती वाचून होताच 'साधु' म्हणून ओलांडली जाते. आम्ही ऐकलेल्या वाचनांत तर आरंभ पहिल्या खंडापासून होतो. प्रास्ताविक मागे राहते, आणि त्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी स्वतः चार प्रश्न मांडलेले आहेत : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळची आहेत काय, आत्मा नाकारून कर्म व पुनर्जन्म कसे जुळतात, आणि भिक्खू कशासाठी. येत्या वर्षावासात पहिले चार दिवस या चार प्रश्नांना द्यावेत, आणि वाचणाऱ्याने त्या दिवशी उत्तर न देता श्रोत्यांकडून, विशेषतः मागे बसणाऱ्या आयाबायांकडून, आधी ऐकावे.