‘ख्रिस्तपुराण’: मिळणे आणि पोचणे

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे गोडवे आपण हौसेने गातो, ते किती जणांनी वाचले, हा प्रश्न मात्र टाळतो. काव्य म्हणून या ग्रंथाची पुष्कळ चर्चा झाली. ज्ञान कोणापर्यंत पोचते, या दृष्टीनेही त्याकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात नवख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या. नवे शास्त्र लॅटिन व पोर्तुगीज भाषांत, म्हणजे त्यांच्या आवाक्याबाहेर. तेव्हा आम्हांला दुसरे पुराण द्या, अशी मागणी झाल्याचे ग्रंथातच आले आहे. स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्या रचून ती पुरवली. शुद्ध मराठीतील कठीण शब्द येथील लोकांना उमगत नाहीत, म्हणून बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे ते प्रस्तावनेत सांगतात. विद्वत्तेचा मोह आवरून त्यांनी श्रोत्याची बाजू घेतली. त्यांची खरी थोरवी आम्हांला येथे दिसते.

तरीही १६१६ साली ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेवरच गदा आली. पुढे हस्तलिखितांनी ग्रंथ जगवला. १९०७ ची सालढाणा यांची मंगळूर आवृत्तीही रोमनच. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली १९५६ साली. मराठी ओवीला मराठी वाचकाच्या लिपीत छापून यायला ३४० वर्षे लागली!

नाशिकच्या दिव्यदान संस्थेशी संबंधित फादर नेल्सन फाल्काव यांनी २००९ मध्ये मूळ ओव्यांना आजच्या गद्य मराठीची जोड दिली. अर्थाचे दार उघडले. आता उणीव ग्रंथाची नाही. उलट, नाशिकच्या आमच्या घरांत मोबाइलवरून दिवसभर प्रवचने, प्रार्थना, खऱ्याखोट्या चमत्कारांच्या वार्ता येऊन आदळतात. त्या पुरात एवढा मोठा ग्रंथ कोणी आणि कोठून उघडावा? पूर्वी वाचायला मिळत नव्हते; आज मिळालेले वाचून होत नाही. पदरात दोन्ही वेळा तेच पडते.

स्टीफन्स यांनी अवघे बायबल ओतले नाही; निवडले, क्रमाने लावले, श्रोत्यांच्या शंकांना वाट दिली. तशीच एक निवडक, छोटी, स्वस्त आवृत्ती आता हवी. ती निघेपर्यंत उपवासकाळात जपमाळेनंतर दहाच ओव्या मोठ्याने वाचाव्यात आणि अडलेल्या शब्दापाशी सर्वांनी थांबावे.