‘दत्तक’ शब्दाचे व्याकरण आणि अपत्यहीनतेची कथा

एम.ए.च्या वर्गात प्रशांत दळवी यांचे ‘ध्यानीमनी’ शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “पण या दोघांनी मूल दत्तक का घेतले नाही?” वर्ग हसला. शोकात्म नाटकाला व्यवहारी तोडगा सुचवणे हे अरसिकतेचे लक्षण मानण्याची आपल्याकडे रीत आहे. १९९० च्या दशकात रंगभूमीवर आलेल्या आणि २०१७ मध्ये चित्रपटरूप घेतलेल्या या कृतीत अपत्यहीन स्त्री मोहित नावाच्या काल्पनिक मुलाला वाढवते आणि नवरा त्या कल्पनेला साथ देतो. हा भ्रम काढून घेतला तर नाटकच उरत नाही, हे खरे. तरीही तो प्रश्न फेटाळण्याजोगा नाही. त्याचा रोख कथानकापेक्षा, अशी कथानके ज्या भाषेतून घडतात तिच्याकडे आहे. नसलेल्या मुलाचे आईपण ही भाषा बारकाव्यांनिशी रंगवू शकते. दुसरीने जन्म दिलेल्या मुलाचे आईपण मात्र तिला सहसा वारसा किंवा उपकार या दोनच परिभाषांत सांगता येते. असे का व्हावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘दा’ धातूपासून ‘दत्त’, म्हणजे दिलेला, त्यावरून ‘दत्तक’. शब्दाच्या मुळाशी देणाऱ्याची कृती आहे. मराठीत बाप दत्तक ‘देतो’ किंवा ‘घेतो’. मूल कर्ता होते ते दत्तक ‘जाणे’ आणि ‘येणे’ या स्थलांतराच्या क्रियापदांपुरतेच. मुलाची आस लागलेल्या स्त्रीला या वाक्यरचनेत जागा नाही. तिच्यासाठी ‘वांझ’ हे दूषण आहे, आणि तेही केवळ तिच्यासाठीच. ‘निपुत्रिक’ या तुलनेने सभ्य शब्दातही उणीव मोजली जाते ती पुत्राची. ‘वांझ’ आणि ‘दत्तक’ या दोन शब्दांच्या मधला मनाचा प्रवास सांगणारे क्रियापद आपल्याकडे घडलेलेच नाही.

धर्मशास्त्राच्या चौकटीत हे सुसंगतच होते. दत्तकाचे प्रयोजन पिंडदान आणि वंशसातत्य. म्हणून दत्तक घ्यायचा तो मुलगा. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’च्या आधारे विधवेला पतीच्या पूर्वसंमतीवाचूनही दत्तक घेता येई, परंतु हा अधिकार मृत पतीचा वंश चालवण्यासाठी होता. महाराष्ट्राच्या इतिहासातील गाजलेली दत्तकप्रकरणेही गादी आणि इस्टेट यांचीच आहेत. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. १८७५ मध्ये कौळाण्याचा गोपाळराव बडोद्यास दत्तक जाऊन सयाजीराव झाला. ताई महाराज प्रकरणातील १९०१ चे औरंगाबादचे दत्तविधान १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वैध ठरवले. बारा वर्षांच्या मुलाचे गाव, नाव आणि आई एकदम बदलतात तेव्हा त्याच्या मनाचे काय होते, या प्रश्नाची अशा इतिहासाला गरज पडत नाही.

या पार्श्वभूमीवर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण वेगळे ठरते. त्यांना मूल नव्हते. दुसऱ्या विवाहाचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही, असे चरित्रकार सांगतात. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुढे तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला मानला. तोच यशवंत. दत्तक सजातीय असावा हा निबंधकारांचा प्रचलित संकेत, आणि देणारा बाप हा विधीचा आधार. येथे दोन्ही नाहीत. मुलाला त्याची आईच आणते, आणि तीही समाजाने टाकलेली. तरीही १८८७ चे मृत्युपत्र जोतीरावांना करावेच लागले. नव्या नात्याला टिकण्यासाठी वारसाच्या जुन्याच लेखनप्रकाराचा आश्रय घ्यावा लागला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः धरले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ एवढाच की, जगण्यात मान्य झालेले नाते विधीच्या भाषेत अमान्यच राहिले होते.

कायद्याने ही भाषा पुष्कळ बदलली. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि दत्तहोम अनिवार्य राहिला नाही; परंतु ‘प्रत्यक्ष देणे व घेणे’ ही अट राहिली, आणि विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीने स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळण्यास २०१० उजाडावे लागले. आज बालन्याय कायद्याखाली संस्थेतून घरी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत देणारे आईबाप पुष्कळदा ज्ञातही नसतात. दाता हरवला तरी ‘दत्तक’ शब्द तोच राहिला.

दरम्यान कथेचा क्रमही बदलला. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि मुंबईच्या मध्यमवर्गाला ‘अजून एक प्रयत्न’ हा शब्दप्रयोग मिळाला. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत वंध्यत्वोपचार केंद्रांच्या पाट्या दिसतात. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या कांजूरमार्गला वात्सल्य ट्रस्टची दत्तक देणारी संस्था आहे. या दोन ठिकाणांमधले अंतर उपनगरी गाडीने काही मिनिटांचे. जोडप्यांना ते कापायला वर्षे लागतात. प्रस्तुत लेखिकेनेही ते कापले आहे, हे सांगणे येथे प्रामाणिकपणाचे ठरेल. समाजसेविका गृहभेटीस येते आणि मूल का हवे, असे विचारते. उपचारांची फाईल पाठ असलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देताना लक्षात येते की, आपल्या प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘शेवटी’ या शब्दाने होते आहे.

या ‘शेवटी’त धोका आहे. दत्तक हा उपचारांचा अखेरचा टप्पा मानला की, येणारे मूल न झालेल्या मुलाची भरपाई ठरते. म्हणजे त्याला मोहितच्या जागी बसवले जाते. त्या विद्यार्थिनीला आता असे उत्तर द्यावेसे वाटते: मोहितची आई मोहितसाठी रडून मोकळी होईपर्यंत तिने मूल दत्तक घेऊ नये, आणि ती मोकळी झाल्यानंतरचे नाटक मराठीत अजून लिहिले जायचे आहे. त्याला दोन आरंभ लागतील. एक, दुःख संपल्याचा. दुसरा, स्वतःचा भूतकाळ घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या मुलाचा. तोवर समीक्षेने गृहभेटीचे अहवाल आणि ‘तू आमच्याकडे कसा आलास’ म्हणून घरोघर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी याही संहिताच आहेत असे मानून त्यांचे वाचन सुरू करायला हरकत नाही.