दहा बाय दहाचा आवाज

पंखा बंद केला, खिडकी लावली, सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवले. ढोलकीवाल्यानं हात उचलला आणि शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. कोणी काही बोललं नाही. अजून दोन तरी होणार, म्हणून घाम पुसत थांबलो.

जागा पुण्यात सिंहगड रस्त्यावरची. मुलांची म्हणून काढलेली खोली आता स्टुडिओ झाली आहे. रेकॉर्डिस्टनं उजव्या पुडीपासून चार बोटांवर शुअरचा एसएम ५७ लावला होता. हा माइक १९६५ सालचा, आणि अजून कामाला पुरून उरतो. डाव्या पुडीला एक कंडेन्सर. तो पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा लागतो, कुरडया ठेवतात तसा. तिसरा माइक चार फुटांवर, वादकाच्या छातीच्या उंचीला.

टेक झाल्यावर त्यानं आधी जवळचे दोन माइक ऐकवले. उजवीकडची टीप काचेसारखी स्वच्छ, डावीकडचा घुमारा जाडजूड, पोट भरेल असा. मग फक्त तिसरा. ढोलकी एकदम माणसाच्या हातात आली. शाईवरून बोट घसरल्याची कुजबुज, घुमारा दाबताना मनगटानं घेतलेला हेलकावा, सगळं एका जागी बसलेलं. पण त्यात कपाटाचं दारही थरथरत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा ट्रॅक म्यूट केला.

गेली काही वर्षं मराठीत स्वतंत्रपणे निघणारी गाणी मी नेमानं ऐकतो आहे. अभंगांच्या नव्या चाली, रॅप, गणपतीची गाणी, मालिकांची शीर्षकगीतं. त्यांच्याविषयी माझी तक्रार या म्यूट केलेल्या ट्रॅकपाशी येऊन थांबते. आपल्या ध्वनिमुद्रणातून अंतर नाहीसं झालं आहे. गायक कानात, ढोलकी कानात, बासरीही कानातच. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

साधनं नाहीत ही सबब आता चालत नाही. फोकसराइटचं ते लाल डबडं, स्कार्लेट टू-आय-टू, २०११ साली आलं आणि त्याच्यासारख्या पेट्यांनी घराघरात दोन बऱ्यापैकी प्रीअ‍ॅम्प पोचवले. रीपरसारखं सॉफ्टवेअर एका जेवणावळीच्या खर्चात येतं. पूर्वी ज्या सोयींसाठी ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओत तासावर पैसे मोजावे लागत, त्यातल्या बहुतेक आज डोंबिवलीच्या वन बीएचकेत आहेत. नाही ती खोली.

दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकतो. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून तो दुप्पट जोर धरतो. छतही दहा फुटांवर असेल तर विचारूच नका. भिंतीला पाठ लावून ऐकलं तर घुमारा छातीवर बसतो, खोलीच्या मधोमध ऐकलं तर गायब. मिक्सिंग करणारा नेमका अधेमधे बसतो, खर्ज कमी वाटतो म्हणून वाढवत नेतो, आणि गाणं गाडीत लावलं की दारं हलतात. यावर उपाय म्हणून बाजारात काळ्या फोमचे पिरॅमिड मिळतात. ते खर्जाला काहीही करत नाहीत, वरच्या पट्टीतली चमक तेवढी खातात. फोटोत मात्र छान दिसतात. खरं काम कोपऱ्यांत उभ्या केलेल्या चार-सहा इंच जाडीच्या रॉकवूलच्या पॅनेलांचं. पण त्यांना जागा लागते, आणि भिंत घरमालकाची असते. म्हणून पैसे माइकवर जातात. माइक घर बदलताना बरोबर नेता येतो.

अशा खोलीत माइक वाद्याच्या जवळ सरकवणं ही अक्कलहुशारीच आहे. जितका जवळ, तितकी खोली कमी ऐकू येते. दोष रेकॉर्डिस्टचा नाही. दोष पुढे सुरू होतो. कोरड्या आवाजावर जी रिव्हर्बची जागा चढवायची, ती सगळे त्याच दोन-तीन प्लगइनमधून उचलतात. त्यामुळे आळंदीचा अभंग आणि ब्रेकअपचं गाणं एकाच परदेशी हॉलमध्ये गायल्यासारखं वाटतं.

'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर गेले. तिथे खरे वादक होते आणि त्यांच्याभोवती खरी हवा होती. त्यानंतर आपल्याकडे जो-तो व्हायोलिनांचा ताफा घेऊन आला, पण तो सँपल लायब्ररीतला. ताफा आला, हवा आली नाही.

लयीचंही तेच. फडावर किंवा दिंडीत लय चढत जाते, ती चढावीच लागते. संगणकातला क्लिक पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकाच आकड्यावर उभा. क्लिकला चढ देता येतो, टेम्पो मॅप आखायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास ठरलेल्या पैशात बसत नाही.

ऑटो-ट्यूनला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. ते १९९७ साली आलं, त्याच्या कितीतरी आधी, १९४० मध्ये, ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं होतं आणि ते १९७१ पर्यंत बंद राहिलं. तक्रारींतली मोठी तक्रार हीच की पट्ट्यांवर मींड निघत नाही. पेटी पुन्हा आली आणि कोणी गाणं विसरलं नाही. पण पेटी गळ्याच्या शेजारी वाजते. ऑटो-ट्यून गळ्यातच शिरतं आणि आंदोलित गंधाराला ओढून जवळच्या पट्टीवर बसवतं. सावकाश हातानं, एकेक स्वर बघून दुरुस्त करता येतं. गायक स्वतःच 'एकदम टाइट करा' म्हणत असेल तर करणारा तरी काय करील?

आणि आवाजाची मोठाई. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीवर आणून वाजवतं. त्यापेक्षा दाबून-ठेचून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो, ठेचलेपण राहतं. हे प्रत्येक रेकॉर्डिस्टला ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतं, फोनच्या स्पीकरवर ऐकतं आणि व्हॉइस नोट पाठवतं, 'त्या दुसऱ्या गाण्यापेक्षा बारीक वाटतंय.' त्या स्पीकरवर घुमाऱ्याचा मूळ खर्ज येतच नाही. मग त्याचे वरचे हार्मोनिक्स सॅच्युरेशननं उचलायचे, म्हणजे नसलेला खर्ज कान आपोआप कल्पून घेतो. ही युक्ती मला मनापासून आवडते. आजच्या या कारागिरीतलं अस्सल काही दाखवा म्हटलं तर मी हीच दाखवीन.

जुना काळ सोन्याचा होता असंही नाही. कितीतरी जुन्या ध्वनिमुद्रिकांत गळा वर आणि खाली सगळा वाद्यवृंद एका गाठोड्यात बांधलेला. पण तेव्हा संगीतकार, अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट ही तीन माणसं होती आणि काचेपलीकडच्याला 'नाही जमलं' म्हणायचा अधिकार होता. राजकमल स्टुडिओत ध्वनिमिश्रण करणाऱ्या मंगेश देसाईंचं नाव पडद्यावर येत असे. आज चाल, प्रोग्रॅमिंग, मुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग एकाच खुर्चीत होतं. रात्री दोन वाजता त्याच गाण्याचा चारशेवा फेरा ऐकणारे कान कुणाला नाही म्हणणार?

कायद्यातही या खुर्चीला जागा नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला आधार मिळाला. मुद्रणाचा 'निर्माता' कोण, तर ते घडवण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. व्यवहारात तो बहुतेकदा पैसे लावणारा असतो. कार्डावर 'म्युझिक प्रोड्यूसर' छापणारा आमचा माणूस एकरकमी बिल देतो आणि विषय संपतो.

सिंहगड रस्त्यावरच्या त्या गाण्याचं पुढे असं झालं. रेकॉर्डिस्टनं कपाटाला गादी टेकवून ढोलकीचा एक टेक पुन्हा घेतला आणि दुसऱ्या अंतऱ्यात तिसरा माइक उघडला. मला फाइल पाठवली, मी हेडफोनवर ऐकली. चार ओळींपुरती ढोलकी मागे सरकून बसते आणि गाणारीच्या समोर मोकळं अंगण पसरतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. गिऱ्हाईकानं विचारलं होतं की इथे ढोलकी लांब का गेली, माइक बिघडला का. सातवी फायनल त्यानं त्याच संध्याकाळी पाठवली.