‘द रेसलर’ : ठरलेली कुस्ती, खरी जखम

डॅरेन ॲरोनोफ्स्की दिग्दर्शित ‘द रेसलर’ (२००८) हा चित्रपट १९८० च्या दशकात गाजलेल्या आणि पुढे न्यू जर्सीतील छोट्या लढतींवर गुजराण करणाऱ्या रँडी या व्यावसायिक मल्लाची शोकांतिका मांडतो. लढतीचा निकाल पूर्वनियोजित असतो. पात्याने स्वतःच्या कपाळावर घेतलेली चीर मात्र खरी असते. घरभाडे थकते, हृदयविकाराचा झटका येतो, सुपरमार्केटमध्ये राबावे लागते. ‘स्वतंत्र’ मल्ल हा वस्तुतः संरक्षणहीन श्रमिक होय, हे मिकी रूर्कच्या अभिनयातून प्रत्ययास येते. तथापि दोष केवळ व्यवस्थेचा नाही. कॅसिडी अडवीत असतानाही रँडी टाळ्यांच्या ओढीने रिंगणात उतरतो. त्यामुळे त्याच्या अखेरच्या उडीच्या जबाबदारीतून टाळ्या वाजविणारा प्रेक्षकही सुटत नाही.